एकविसाव्या पानावरचं भोक

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी इस्पितळातली एक जुनी ढकलगाडी आहे आणि माझी गोष्ट काही अत्तर शिंपडलेली नाही. मी स्वतः जन्मभर नाक मुरडत आले. मला नाक नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण जिनं सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या जखमांचे बोळे वाहिले, तिला वास कळायला नाक लागत नाही.

लोखंडी सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. चार पाय, दोन कप्पे, वर पांढऱ्या एनॅमलचा थर आणि खाली चार चाकं. कामाला लागून काही वर्षं झाली, तशी मी उजवीकडे वळायला लागले. पुढचं उजवं चाक अडायचं. कितीही सरळ ढकला, मी आपली भिंतीकडे. "हिची जन्मखोडच आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. मीही केलं.

माझं काम ड्रेसिंगचं. सकाळी आठच्या ठोक्याला मी वॉर्डात शिरायचे. वरच्या कप्प्यात उकळलेले चिमटे, कात्र्या, गॉझ, औषधांच्या बाटल्या. खालच्या कप्प्यात एक बादली, काढलेल्या पट्ट्या टाकायला. त्या बादलीत काय काय असायचं, ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर मात्र माझ्या दांड्यावर हात ठेवून म्हणायच्या, "ही नसेल तर माझा राउंडच होत नाही." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून होते.

मग माझ्या एनॅमलचे टवके उडाले, आत गंज दिसू लागला, आणि एक दिवस स्टीलची नवी गाडी आली. चकचकीत, चारही चाकं सरळ. मला भंगारात काढायचं ठरत होतं, पण मोठ्या सिस्टरांनी मला पुस्तकांच्या कामाला लावलं. सगळे म्हणाले, बघा, हिची बढती झाली. बढती कसली मेली! आजवर मी खरी घाण वाहत होते, आता खोटी स्वच्छता वाहू लागले.

पुस्तकांची दोन खोकी देणगीत आली होती. एक चर्चच्या महिला मंडळाकडून. त्यात एक्केचाळीस ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या होत्या. दुसरं खोकं जहाजावर बिनतारी यंत्र चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीनं पाठवलं होतं. वडील गेल्यावर तिनं त्यांच्या अंतराळसाहसांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्या बांधून दिल्या. वॉर्डातली कामवाली मावशी मला ढकलायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती चित्र बघून पुस्तकं लावायची. बाई आणि पुरुष दिसले की वरचा कप्पा, बायकांच्या वॉर्डासाठी. आग सोडणारं यान दिसलं की खालचा कप्पा, पुरुषांच्या वॉर्डासाठी.

दुपारी बायका एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवायच्या, म्हणून मला सगळं ऐकावं लागायचं. वरच्या कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकात एक तरुण विधवा असायची आणि देवावर रुसलेला एक घोडेवाला असायचा. ती प्रार्थना करायची, वादळ यायचं, तो देवाकडे परतायचा आणि शेवटच्या पानावर परवानगी मागून तिचा हात हातात घ्यायचा. एक्केचाळीस वेळा! मधे नायिकेला ताप यायचा तेव्हा ती उशीवर केस पसरून सुंदर पडून राहायची. अगं बाई, पाच दिवसांच्या तापात बाईच्या केसांचा काय लगदा होतो, ते आमच्या मावशीला येऊन विचार.

खालच्या कप्प्यातही तीच तऱ्हा. सहा पुरुष यानाच्या एका डब्यात अकरा महिने कोंडलेले, अंगावर एकेकच पोशाख, आणि अख्ख्या पुस्तकात कुणाला शौचाला लागत नाही. कप्तानाचा हात तुटतो, धातूचा बसवतात आणि पुढच्याच पानावर तो त्या हातानं यान चालवतो. ना पू, ना ताप, ना टाके. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही, ताऱ्यांबद्दलही नाही. खरी प्रार्थना मी पाहिली आहे. ती करणाऱ्याच्या नाकातोंडातून पाणी वाहत असतं आणि मधेच तो शिव्याही देतो. तसली प्रार्थना या पुस्तकांत शोधून सापडायची नाही.

आणि वाचणारे! शी! बोटाला थुंकी लावल्याशिवाय एकाचंही पान उलटायचं नाही. डोक्याचं तेल, औषधाचे डाग, शिंकांचे शिंतोडे. खुणेसाठी पानात ठेवलेलं कापलेलं नख मी स्वतः वाहिलं आहे. त्यात आमच्याकडे एकविसाव्या पानाची रीत होती. पुस्तक वाचून झालं की एकविसाव्या पानावर ज्यानं त्यानं आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक विसरून पुन्हा घेतलं जायचं नाही. कुणी फुली मारायचं, कुणी चांदणी काढायचं. एका बस कंडक्टरनं तर पंचच मारला होता. सगळी पानं विद्रूप झाली, पण ही रीत कुणी मोडली नाही.

या सगळ्यांत वेगळी खूण होती शिंपीणबाईंची. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन बारीक टाके घालायच्या. शिंपीणबाई एकट्याच राहायच्या. चाळीस वर्षं त्यांनी पायानं चालणाऱ्या मशीनवर गणवेश, पडदे, झगे शिवले होते. साखरेच्या आजारानं त्यांच्या उजव्या पावलाची तीन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा वर सरकत होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तीनदा समजावलं की पाय घोट्याच्या वर कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल. तिन्ही वेळा शिंपीणबाई "बघू" म्हणाल्या. मावशीपाशी मात्र त्या मोकळ्या व्हायच्या. पाय गेला की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की मी काय भिंतीला टेकून बसू, असं विचारायच्या.

उत्तर सापडलं ते पुस्तकात. तिथेच माझं डोकं फिरलं. एका कादंबरीत नायिकेचा पाय गाडीखाली चिरडून काळा पडतो, वैद्य करवत घेऊन दारात येतो, आणि घोडेवाला तीन दिवस गुडघे टेकून प्रार्थना करतो. चौथ्या दिवशी पाय गुलाबी. पान एकशे चौदा. शिंपीणबाईंनी ते पान किती वेळा मोठ्यानं वाचलं, देव जाणे. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. मी कॉटला टेकून उभी असायचे आणि चादरीखालून येणारा वास मला ओळखीचा होता. सव्वीस वर्षांत त्या वासाचा एकही पाय मी गुलाबी झालेला पाहिला नव्हता. मला ओरडावंसं वाटायचं. ओरडणार कशानं? डॉक्टरीणबाईंनी शेवटचा आठवडा दिला होता आणि त्यातले दोन दिवस गेलेही होते.

अशात मावशीनं घोळ घातला. त्या पुस्तकाच्या वेष्टनावर घोडेवाला आणि विधवा अगदी चिमुकले होते आणि वर भलंथोरलं चांदण्यांचं आकाश, त्यात एक धूमकेतू. मावशीला शेपटाची आग तेवढी दिसली. तिनं पुस्तक खालच्या कप्प्यात टाकलं आणि ते पुरुषांच्या वॉर्डात गेलं, फिटरकाकांच्या हातात.

फिटरकाका म्हणजे वॉर्डातला सगळ्यात तोंडाळ माणूस. तीन वर्षांपूर्वी यंत्राखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. आता नकली पाय घासून जखम झाली, म्हणून ते पुन्हा भरती झाले होते. अंतराळाची पुस्तकं ते शिव्या देत वाचायचे. पोकळीत नट आवळतोय आणि वॉशर कुठाय, असं शेजारच्या कॉटला विचारायचे. पण एकही पुस्तक त्यांनी अर्धवट सोडलं नाही. धूमकेतूवालं पुस्तक दहा पानं वाचल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि हे गुळमट घेऊन जा म्हणून मावशीला हाक मारली. मावशी फरशी पुसत होती. ती येईपर्यंत त्यांची साठ पानं झाली होती. मग त्यांनी पुस्तक उशीखाली सरकवलं आणि हाक मारलीच नव्हती असं दाखवलं.

एकविसाव्या पानावर त्यांनी पेन्सिलीचं टोक दाबून एक भोक पाडलं. फिटर ड्रिल मारायच्या आधी जागेवर पंच ठोकतो, तसं. त्या भोकाशेजारीच निळे टाके होते. कुणीतरी शिवणारी बाई हे वाचते, एवढं त्यांना त्यावरून कळलं. साठाव्या पानावर नायिका दोन टेबलक्लॉथमधून घेरदार, लांब बाह्यांचा लग्नाचा झगा एका बैठकीत शिवते. तिथे समासात त्यांनी लिहिलं: "शिवणाऱ्या बाईंना विचारतो. एवढ्या कापडात हे होतं का?"

इकडे शिंपीणबाई पुस्तक दिसेना म्हणून कासावीस झाल्या होत्या. मावशीनं शोधून आणून दिलं. समासातलं ते वाचून त्यांचा पारा चढला. पुस्तकात लिहिलं म्हणून राग, आणि प्रश्न बरोबर होता म्हणून जास्तच. त्यांनी खाली खरडलं: "नुसत्या घेरालाच सहा मीटर लागतं. बाह्या काय हवेच्या? लिहिणारीनं सुई हातात धरलेली नाही." कोण हा शहाणा, ते बघून ये म्हणून त्यांनी मावशीबरोबर पुस्तक परत धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आलं. या वेळी अक्षरं एकशे चौदाव्या पानावर होती: "मग पायाचं तेवढं तिला कुठून कळलं?"

शिंपीणबाईंनी पुस्तक मिटलं. त्या दुपारी त्यांनी वाचून दाखवलं नाही. बायकांनी आग्रह केला तर म्हणाल्या, डोळे दुखतात. मी तिथेच होते. त्यांचे डोळे दुखत नव्हते.

दोन्ही वॉर्डांच्या मधे एक लांब पडवी आहे. सकाळी तिथे ऊन येतं, तेव्हा चाकाच्या खुर्च्या ओळीनं लावतात. पुढच्या सकाळी मावशीनं आधी शिंपीणबाईंची खुर्ची तिथे नेली आणि मग मला. शिंपीणबाईंनी समोर बसलेल्या फिटरकाकांना नीट निरखलं.

"तो चोंबडेपणा तुमचाच ना?"

"माझाच," ते म्हणाले. "पुस्तकात लिहू नये, कळतं मला."

"पाय दाखवा."

फिटरकाकांनी पायजमा वर गुंडाळला, पट्टी सोडवली. शिंपीणबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. गिऱ्हाईकानं दुसरीकडे बिघडवून आणलेला कपडा बघतात तशा त्या बघत राहिल्या. मग त्यांनी निकाल दिला की टाके एकसारखे नाहीत, एका बाजूला ओढ बसली आहे, म्हणूनच घासतं.

"दुखतं का?"

"दुखतं. नसलेली बोटंसुद्धा खाजतात. घामानं वास मारतो. तुमच्या त्या घोडेवाल्यासारखं मी खोटं सांगणार नाही. पण कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला माझा मी चालत जातो."

"माझं मशीन उजव्या पायावर चालतं," शिंपीणबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी ते मावशीखेरीज कुणाला सांगितलं होतं.

फिटरकाकांनी सांत्वन वगैरे केलं नाही. मशीनची पाय ठेवायची पावटी किती रुंद आहे, दांडा कुठल्या बाजूला जोडलाय, चाक केवढं आहे, एवढंच विचारत सुटले. कागद नव्हता, म्हणून माझ्या खालच्या कप्प्यातलं एक अंतराळाचं पुस्तक ओढून त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी चित्र काढलं. दांडा डावीकडे घ्यायचा, पावटीवर चामड्याचा पट्टा बसवायचा, म्हणजे एकाच पायानं खाली दाबताही येईल आणि वर उचलताही येईल. चित्र त्यांच्यापुढे धरून ते म्हणाले, "डावा पाय काय शोभेला ठेवलाय?"

त्या दिवशी ड्रेसिंग झालं तेव्हा शिंपीणबाईंनी छताकडे बघितलं नाही. आजवर त्या नेहमी छताकडेच बघायच्या. त्यांनी मान खाली घालून आपला पाय डोळे भरून पाहिला, काळी बोटं पाहिली, वर सरकलेली निळी रेघ पाहिली. ओठ घट्ट आवळून धरले. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "कापा. पण शिवताना माया जास्त सोडा, चांगली दोन बोटं. कातडं कमी पडलं की ओढ बसते. पुरुषांच्या वॉर्डात एकाचं बिघडलंय, तसं माझं नको."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर खरंच लिहून घेतलं.

पाय गेला. शिंपीणबाईंना पाच दिवस ताप होता आणि केसांचा, मी म्हटलं तसाच, लगदा झाला. सहाव्या दिवशी शुद्धीवर येऊन त्यांनी काय मागावं? तेच धूमकेतूवालं पुस्तक! मला इतका उबग आला की सांगता सोय नाही. मावशीही गोंधळली. हे सगळं खोटं आहे असं तुम्हीच म्हणालात ना, असं तिनं विचारलं.

"खोटंच आहे गं. मला काय कळत नाही?" शिंपीणबाई म्हणाल्या. "पण भेटायच्या वेळेला सगळ्यांच्या कॉटपाशी कुणीतरी येऊन बसतं. माझ्यापाशी हे असतं. यातला माणूस वेळ संपली म्हणून उठून जात नाही."

फिटरकाकांनीही पडवीत एकदा असंच सांगितलं होतं. यानात काही मोडलं की ते दुरुस्त होतं, आणि दुरुस्त करणाऱ्याला कुणी आता घरी बसा म्हणत नाही, म्हणून ते वाचतात. आता इथे माझं मन पाझरलं असं मी लिहायला हवं. नाही पाझरलं. ती पुस्तकं मला आजही किळसवाणीच वाटतात, थुंकीसकट. फक्त त्या दिवसापासून शिंपीणबाईंच्या कॉटजवळच्या रिकाम्या स्टुलाची मला जास्त किळस येऊ लागली. त्यावर महिनाभर कुणीही बसलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी इतके दिवस एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

फिटरकाका घरी जाईपर्यंत एक्केचाळीसही प्रेमकादंबऱ्यांच्या एकविसाव्या पानावर भोक पडलेलं होतं. ते पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून मागवायचे, शेजारच्या कॉटला दिसू नयेत म्हणून. शिंपीणबाईंना एकेक भोक सापडत गेलं आणि प्रत्येक वेळी त्या पोट धरून हसल्या. मग त्याही घरी गेल्या. जाताना त्यांनी मशीनचं चित्र असलेलं पुस्तकच पिशवीत घातलं, पान फाडलं नाही. एवढी एक गोष्ट मला त्यांची आवडली.

पुढे माझे दिवस फिरले. पेशंटांच्या हातात फोन आले. पुस्तकांना कसर लागली, झुरळांनी डिंक खाल्ला. मला फरशी पुसायच्या सामानाच्या खोलीत ढकललं आणि माझ्या कप्प्यांवर ओले पोछे वाळत पडले. दोन वर्षं ते काळं पाणी माझ्या अंगावरून ठिबकत होतं. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

मग एका सकाळी पडवीत दोन पावलं ऐकू आली, दोन्ही लंगडी, पण वेगवेगळ्या तालाची. तपासणीचा दिवस होता. शिंपीणबाई मशीनच्या चित्राचं ते पुस्तक परत करायला आल्या होत्या आणि पुस्तकांची गाडी कुठे आहे म्हणून मावशीला विचारत होत्या. फिटरकाका बरोबर होते. मावशीनं मला ओढून बाहेर काढलं आणि मी नेहमीसारखी उजवीकडे जाऊन भिंतीवर आदळले.

"हिचं चाक कधी कुणी बघितलंय का?" फिटरकाकांनी विचारलं. जन्मखोड आहे तिची, असं मावशीनं सांगितलं. ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. त्यांनी पोछे खाली काढायला लावले, मला आडवं पाडलं, नकली पाय लांब पसरून फरशीवर बसले आणि शिंपीणबाईंची कात्री मागून घेतली.

मित्रांनो, चाकाच्या आसाभोवती काय निघालं ते सांगते. सगळ्यात वर निळा दोरा. त्याखाली केस, कित्येक बायकांचे, गुंता झालेले. त्याखाली गॉझचे धागे. आणि सगळ्यात आत काळाकुट्ट, कडक झालेला थर, माझ्या ड्रेसिंगच्या दिवसांतला. लिंबाएवढा गोळा. मावशी मागे सरकली, शिंपीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. फिटरकाकांनी बोटानं टिचकी मारली तसं चाक गरगर फिरलं. त्याला काही झालेलंच नव्हतं.

मला माझीच किळस आली. सगळ्यांच्या जखमा उघड्या बघितल्या म्हणून मी तोरा मिरवत होते, आणि एवढी वर्षं माझ्याच पोटाखाली हे होतं. जन्मखोड, हे माझं स्वतःचं एकशे चौदावं पान होतं. मीही ते रोज वाचत होते.

तर मित्रांनो, एवढंच सांगणं. पुस्तकं खुशाल वाचा, खोटी असली तरी वाचा, फक्त थुंकी लावू नका. पण दुखत असेल ते पुस्तकाखाली झाकू नका. कुणी फरशीवर बसून बघायला तयार असेल, तर लाज वाटली तरी दाखवा. आणि कुणाच्या कॉटजवळ स्टूल रिकामं दिसलं, तर घटकाभर तिथे बसा.

मावशीनं मला पुन्हा बायकांच्या वॉर्डात आणलं आहे. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती अजून दांडा डावीकडे ओढून धरते, मी भिंतीवर जाऊ नये म्हणून, आणि मी सरळ जाऊ पाहते. रोज सकाळी तिला सांगावंसं वाटतं, सोड गं बाई, आता तिथे काही अडकलेलं नाही.